पांढरी पाचमधला मर्लिन

डक्सफर्डला मी गेलो तो भाच्यापायी. तो केंब्रिजला असतो, आणि हा जुना लष्करी विमानतळ तिथून गाडीने वीसेक मिनिटांवर. "मामा, दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडताना बघायची," एवढंच त्याने सांगितलं होतं. 'बघायची' हा शब्द चुकला होता, हे तिथे पोचल्यावर कळलं. शेजारी घडीच्या खुर्चीत ऐंशीच्या पुढचे एक आजोबा बसले होते. मांडीवर शाल, पायाशी थर्मास, आणि खुर्ची धावपट्टीकडे पाठ करून मांडलेली. मला वाटलं, उन्हाला पाठ दिली असेल. पण ऊन नव्हतंच. इंग्लंडातला जुलै होता.

धावपट्टीच्या टोकाला पहिलं स्पिटफायर सुरू झालं. खोकलं, थोडा धूर टाकला, परत खोकलं आणि एकदम लागलं. आजोबांनी डोळे मिटले. सवाईच्या मंडपात सतरंजीवर बसलेल्या जाणकाराची हलते तशी त्यांची मान हलायला लागली. "मर्लिन," ते म्हणाले. मी विचारलं, "तो गोष्टीतला जादूगार?" त्यांनी एक डोळा उघडून मला पाहून घेतलं. "ससाणा," म्हणाले, आणि डोळा मिटला.

तानसेन सगळ्यांनाच होता येत नाही म्हणून आपल्याकडे कानसेन होतात. हे विमानांचे कानसेन. रोल्स-रॉइसने आपल्या विमान-इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावं दिली: केस्ट्रेल, पेरेग्रिन, मर्लिन. त्यातला मर्लिन म्हणजे एक लहानखुरा ससाणा. हे ज्याला माहीत नाही त्याने या मंडळींत तोंड उघडू नये. मी उघडलं होतं, आणि दिवसभर त्याची फळं भोगली.

आता हा आवाज नेमका आहे काय? इंजिन २७ लिटरचं. तुमची-माझी चारचाकी सव्वा लिटरवर भागवते. सहा-सहाच्या दोन रांगांत मिळून १२ सिलिंडर, आणि प्रत्येकाचा जळका वायू नाकाडाच्या बाजूच्या आखूड नळकांड्यांतून थेट बाहेर. सायलेन्सर नावाची चीज नाही. उलट नळकांड्यांची तोंडं मागे वळवली तर त्या फुत्काराचाच धक्का मिळतो, सुमारे ७० अश्वशक्तीची वरकमाई होते, हे रोल्स-रॉइसच्या इंजिनिअरांनी ताडलं होतं. म्हणजे आजोबा ज्यावर मान डोलावत होते ती इंजिनाची उरलेली वाफ होती, आणि तीही कामाला जुंपलेली. आपल्याकडे सायलेन्सर बदलून फटफटी फिरवली, तर पोलीस ते सायलेन्सर रस्त्यात मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. तिथे सायलेन्सर नाही म्हणून तिकीट लावतात.

मी पेटी वाजवतो. बेताची, पण वाजवतो. म्हणून कागदाच्या पिशवीवर हिशेब मांडला. बारा सिलिंडरांतले सहा एका फेरीत पेट घेतात, उरलेले सहा पुढच्या फेरीत. मिनिटाला २००० फेऱ्या असतील तर सेकंदाला २०० ठिणग्या. पेटीवर ही झाली जवळपास पांढरी पाच, आपल्या बऱ्याच गायिकांची पट्टी. वैमानिकाने इंजिन पुरतं मोकळं सोडलं की ३००० फेऱ्या, सेकंदाला ३००. दोनशेला तीनशे म्हणजे षड्जाला पंचम! प्रत्यक्षात त्यात पंख्याची घरघर, सुपरचार्जरची किंकाळी आणि पत्र्याची थरथर मिसळते, त्यामुळे माझा हिशेब ढोबळच. पण सा आणि प सापडल्यावर मलाही डोळे मिटावेसे वाटायला लागले. लागण अशीच होते.

आणि मग ती मींड. विमान समोरून येतं तेव्हा आवाज चढा, डोक्यावरून गेलं की घसरगुंडी. ताशी ४१० किलोमीटरच्या आसपास गेलं तर स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. ही घसरगुंडी ऐकायला लोक हजार मैलांवरून येतात. दोन आसनांच्या स्पिटफायरमध्ये मागे बसून अर्धा तास फिरायला काही हजार पौंड मोजतात. गंमत बघा, आत बसणाऱ्याला मींड ऐकूच येत नाही. ती फक्त खाली उभ्या असलेल्यांसाठी. आतल्याच्या वाट्याला सपाट गडगडाट, तोही कानांवर दाबून बसवलेल्या टोपीतून.

१९४०मधल्या वैमानिकाला विचारलं असतं तर इंजिनाच्या आवाजाबद्दल त्याची एकच अपेक्षा निघाली असती: तो थांबू नये. मर्लिनचा तर थांबण्याचा खास आजार होता. शत्रूमागे जाण्यासाठी नाक झपकन खाली घातलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल भलतीकडे उसळायचं आणि इंजिन आचके द्यायचं. जर्मन इंजिनात पेट्रोल पिचकारीने जायचं, त्याला हा त्रास नव्हता. त्यामुळे पाठलागावरचा इंग्रज मागे दिसला की जर्मन वैमानिक सरळ सूर मारून पसार. यावर उतारा शोधला फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी, १९४१मध्ये. मधोमध भोक असलेली पितळेची एक चिमुकली टोपी, पेट्रोलच्या वाटेत बसवायची. बाई मोटरसायकलवरून विमानतळ-विमानतळ फिरल्या आणि ती बसवून आल्या. त्याआधी ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीवर त्यांनी नॉर्टन मोटरसायकल ताशी १०० मैलांच्या वर पळवली होती. इंजिनाच्या आवाजाचा शौक कुणाला असावा तर अशा माणसाला. वैमानिकांनी त्या तुकड्याला 'मिस शिलिंगचं छिद्र' असं नाव ठेवलं. त्यातला चावटपणा मराठीत उतरवायला कष्ट पडत नाहीत. बाईंचं लग्न होऊन तोवर तीनेक वर्षं झाली होती. विमानदलाला त्याचा पत्ता नसावा.

दुपारी जर्मनांचं मेसरश्मिट आलं. निदान दिसायला तरी तेच: तसाच रंग, पंखांवर काळे क्रूस. आजोबांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाले, "मर्लिन." मला वाटलं, आता सापडले. भाच्याने दंडाला धरून मला गप्प केलं. आजोबा बरोबर होते. युद्ध संपल्यावर स्पेनमध्ये मेसरश्मिटचे सांगाडे बनत राहिले, पण जर्मन इंजिनं मिळेनात, तेव्हा पन्नासच्या दशकात त्यांत मर्लिन बसवली. नाकाडाखाली फुगवटा आला म्हणून स्पॅनिशांनी विमानाला नाव दिलं 'बुचॉन', छाती फुगवणारं कबुतर. १९६९च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटात जर्मनीच्या बाजूने उडाली ती हीच. जर्मन बाँबफेकी विमानंही स्पेनचीच, त्यांतही मर्लिनच. म्हणजे पडद्यावर स्पिटफायरने मेसरश्मिटला पाडलं तेव्हा मर्लिनने मर्लिनला पाडलं. आणि १९३५मध्ये मेसरश्मिट १०९चा पहिला नमुना उडाला तेव्हा त्याच्या पोटात कुठलं इंजिन होतं? रोल्स-रॉइसचं केस्ट्रेल. जर्मनांचं इंजिन तयार नव्हतं, म्हणून बाहेरून आणलेलं. देशभक्तीचा जो खास स्वर या मंडळींना ऐकू येतो, त्याची ही कुंडली.

ज्याचा आवाज मुद्दाम बसवला होता असं विमान एकच, जर्मनांचं श्टुका. त्याच्या चाकांच्या खांबांवर पंख्याने फिरणारे भोंगे लावले होते, सूर मारताना खालच्यांची गाळण उडावी म्हणून. पुढे भोंग्यांमुळे वेग कमी होतो आणि खालच्यांना आगाऊ सूचना मिळते, हे ध्यानात आल्यावर ते काढले गेले. आज धड अवस्थेत उरलेली दोन श्टुका लंडन आणि शिकागोच्या संग्रहालयांत गप्प उभी आहेत. पण सिनेमावाल्यांनी तो भोंगा सोडला नाही. पडद्यावर कुठल्याही देशाचं कुठलंही विमान कोसळू दे, आवाज श्टुकाचाच.

संध्याकाळकडे चार स्पिटफायर एकत्र आली, आणि कर्ण्यावरून निवेदक भारावून म्हणाला, "सभ्य स्त्री-पुरुषहो, हा स्वातंत्र्याचा आवाज." टाळ्या पडल्या. माझे हात शालीत नव्हते, तरी वर आले नाहीत. कारण मला मुंबई आठवली. युद्धात विमानांसाठी वर्गणी काढायची टूम निघाली होती. ५००० पौंड भरले की एका स्पिटफायरवर देणगीदाराचं नाव रंगवून मिळायचं. खरी किंमत त्याहून पुष्कळ जास्त, पण देवळाच्या पायरीवर नाव कोरण्यासारखाच तो प्रकार. साम्राज्यातल्या संस्थानांनी आणि शहरांनी पैसे ओतले. त्यातून विमानांच्या तुकड्यांना नावं मिळाली: हैदराबादच्या नावाच्या, आणि १३२ नंबरची 'सिटी ऑफ बाँबे'. जुलै १९४१मध्ये ही मुंबईकर तुकडी स्कॉटलंडच्या पीटरहेडला स्पिटफायर घेऊन उभी राहिली. तिथे मुंबईचं कुणी असो वा नसो, नाव होतं. पुढच्याच वर्षी ८ ऑगस्टला त्याच मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर इंग्रजांना 'चले जाव' सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली. त्या पहाटे मुंबईच्या नावाचं मर्लिन ब्रिटनच्या आकाशात स्वातंत्र्याचा पंचम लावत असेल, तर मुंबईत वेगळा राग चालू होता. हिटलरला हरवायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार निवेदकाच्या शब्दाबद्दल आहे. इंजिनाला पेट्रोल कळतं. स्वातंत्र्य कुणाचं, हे त्याला विचारू नये.

मी हे आजोबांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी थर्मासचं झाकण भरून चहा माझ्यापुढे केला आणि विचारलं, "केंटला गेला आहात? डंजनेसला?" मी नव्हतो गेलो. नंतर भाच्याने नेलं. तिथल्या ओसाड खडीत काँक्रीटचे तीन प्रचंड कान उभे आहेत. एक २० फुटी वाडगं, एक ३० फुटी, आणि एक २०० फूट लांब वाकडी भिंत. १९२८ ते १९३०मध्ये बांधलेली. समुद्रापलीकडून येणाऱ्या विमानाची घरघर त्यांत गोळा करायची आणि माणसाने बसून ऐकायची, काही मिनिटं आधी धोका कळावा म्हणून. विमानं वेगवान होत गेली, मिनिटं आटत गेली, मग रडार आलं आणि कान निकामी झाले. तरीही १९४०मध्ये रडारची नजर समुद्राकडेच होती. विमान किनारा ओलांडून आत आलं की त्याचा माग काढायचा तो शेतात उभ्या असलेल्या हौशी निरीक्षकांनी, डोळ्यांनी आणि ढग असतील तर कानांनी. आपलं की त्यांचं, हे आवाजावरून सांगायचं. आजोबांचे वडील त्यांतले एक, दिवसा किराणा दुकान चालवणारे. खुर्ची पाठमोरी मांडायची सवय घरचीच. त्या घरात मान डोलवायला सुरुवात झाली ती युद्ध संपल्यावर.

जाताना त्यांनी मला एक ध्वनिमुद्रण ऐकायला सांगितलं. ते सहज मिळतं. बीबीसी दर वसंतात सरे परगण्यातल्या एका बागेतून नाइटिंगेलचं गाणं थेट प्रसारित करायची. आपले भाषांतरकार त्याला बुलबुल म्हणतात, पण तो वेगळा पक्षी. १९ मे १९४२च्या रात्री माइक लावलेले होते, आणि दुरून घरघर सुरू झाली. प्रसारण तत्काळ तोडलं, कारण जर्मनांनी रेडिओवर ती घरघर ऐकली असती तर विमानं निघाल्याचं त्यांना आयतंच कळलं असतं. तबकडीवरची नोंद मात्र चालू राहिली. घरघर वाढत जाते, बाग भरून टाकते. तिच्यात मर्लिनही आहेत, चार-चार एकेका लँकेस्टर बाँबफेकी विमानाला. पक्षी गायचा थांबत नाही.

त्या रात्री मॅनहाइमवर बाँब टाकायला १९७ विमानं गेली. त्यातली ११ परत आली नाहीत.