ठसेआप्पा

कळसाडीत कुणाच्या विहिरीवरची केबल चोरीला गेली, की पोलिसांच्या आधी ठसेआप्पा पोचतात. स्टार्टरच्या पेटीपुढे आडवे हात करून ओरडतात, "हात नको लावजो रे भो!" मालकाला केबलीचं दुःख, आप्पांना पेटीवरचा पत्रा कुणी पुसला तर नाही ना, याची चिंता.

अडचण अशी, की आप्पांचं ज्ञान अस्सल आहे. बोटाचा घाम म्हणजे बहुतेक पाणीच. खानदेशच्या उन्हात ते बघता बघता उडतं. मागे मीठ आणि तेलकटपणा उरतो. गुळगुळीत स्टीलवर, सावलीत, कुणाचा हात लागला नाही तर ठसा महिनोन्‌महिने तग धरतो, धूळपावसात जातो. पितळेची तऱ्हा निराळी. घामातलं मीठ पितळेला खातं, त्यामुळे ठसा पुसला तरी खाल्लेली जागा राहते. इंग्लंडच्या जॉन बाँड यांनी 2008 साली काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना 2,500 व्होल्टचा दाब देऊन, वर काळी पूड चढवून असे पुसलेले ठसे उठवले. खारट खाणाऱ्याचा ठसा धातूला जास्त खातो, असंही ते म्हणाले. हे वाचल्यापासून पंगतीत कुणी दुसऱ्यांदा लोणचं मागितलं, की आप्पांचा घास थांबतो आणि नजर त्या माणसावर खिळते.

ठसा नेमका किती दिवसांचा, हे छातीठोक सांगायची रीत जगात अजून कुणाकडे नाही. आप्पांकडे आहे. भिंग लावून ते सांगतात, "पोळ्याच्या आधीचा."

ठशांच्या जगातल्या पहिल्या काही कचेऱ्यांपैकी एक 1897 साली कलकत्त्यात निघाली. वर्गीकरणासाठी खपले अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. पद्धतीला नाव लागलं त्यांच्या वरच्या हेन्रीसाहेबाचं. हे सांगताना आप्पांचा गळा दाटतो. आपलंही श्रेय एखादा हवालदार लाटणार, याची त्यांना खात्री आहे. फक्त श्रेय मिळण्याजोगं काही अजून घडलेलं नाही.

घडता घडता राहिलं, ते घरात. डब्यातलं तूप कमी होत होतं. फेव्हिक्विकची वाफ ठशावर बसली की ठसा पांढरा उमटतो, म्हणून आप्पांनी डबा पेटीत कोंडून धुरी दिली. डबाभर पांढरे डाग उठले, पण एकाही डागात रेघ म्हणून नाही. "चोर हातमोजे घालून आला," आप्पांनी निकाल दिला. काकू काही बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात दोघं रेशनला गेले. मशीन आप्पांचा अंगठा घेईना. धोतराला पुसला, केसांवरून फिरवला, फुंकर मारली. मशीन आपलं नाहीच म्हणे. दुकानदाराने अंगठा उजेडात धरला. "आप्पा, जन्मभर विळा न् कापूस. रेघा पार झिजल्या की तुमच्या!"

पिशवी सावरत काकू म्हणाल्या, "तुपाच्या डब्यावरही नव्हत्या."