सहाशे मीटर, जागच्या जागी

बेळगावजवळच्या आमच्या सांबऱ्याला धावपट्टी आहे, पण ती विमानांसाठी. माणसांनी धावायचं काम हवाई दलाच्या ट्रेनिंग स्कूलमधली पोरं करतात. उरलेलं गाव चालतं, तेही बस चुकली तर. त्यामुळे जिना चढताना माझ्या छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं आणि बेळगावच्या डॉक्टरांनी 'टीएमटी करून घेऊ या' म्हणून चिठ्ठी दिली, तेव्हा ती बातमी संध्याकाळच्या आत कट्ट्यावर पोचली. टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट. सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाला कितपत झेपतंय ते बघायचं. कट्ट्यावर ही टेस्ट केलेले दोघं होते आणि सल्ला द्यायला सगळे.

"मास्तर, पोटभर जेवून जावा. चालायचं हाय, चक्कर येईल."

"काय सांगतोस? पाण्याचा थेंब घ्यायचा नाही!"

दोन्ही पक्ष इतके ठाम होते की मी दवाखान्यात फोन करून विचारलं. तिथल्या पोरीने शांतपणे सांगितलं, दोन-तीन तास आधी हलकं काहीतरी खा, पाणी चालतं, चहा-कॉफी नको. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सकाळी चहा नको म्हणणं हाच एक ताण आहे, आणि तो त्या यंत्रावर मोजत नाहीत. त्यातच निपाणीचे दाजी मुक्कामाला आलेले. त्यांनी चंची सोडली आणि मळायला घेतलं. तंबाखूही बंद आहे म्हटल्यावर त्यांना ते वैयक्तिक लागलं. "पाव्हणं, तंबाखू म्हंजे काय दारू हाय व्हय?" निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, तिथला माणूस तंबाखूची बाजू घेणारच, त्यात त्यांची चूक नाही. पण तंबाखूने ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, आणि मग यंत्र हृदय मोजतंय की दाजींचा आग्रह, ते कळत नाही.

गोळ्यांचं मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, म्हणून डॉक्टर कधीकधी त्या आधी थांबवायला सांगतात. कधी मुद्दाम चालूही ठेवतात. आमच्या गल्लीतल्या एकाने टेस्ट आहे म्हणून साखरेच्या गोळीसकट सगळ्याच गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या होत्या. त्याला काही झालं नाही, हे त्याचं नशीब. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावी आणि कोणती थांबवायची ते डॉक्टरांना ठरवू द्यावं.

पायात काय घालायचं? माझ्याकडे अथणीची करकर वाजणारी कोल्हापुरी होती. (कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्न आहे तिथेच आहे, पण चपलेचा सुटला.) पण सरकत्या पट्ट्यावर कोल्हापुरी म्हणजे पाय मोडून घ्यायचं लक्षण. नातवाचे कॅनव्हासचे बूट मागून घेतले.

आत गेल्यावर शर्ट काढायला लावला आणि एका मुलाने वस्तरा हातात घेतला. छातीला केस नसलेल्या माणसाचा भरवसा धरू नये, असं आमच्याकडे म्हणतात. माझा सगळा भरवसा त्याने दोन मिनिटांत साफ केला. केसांवर चिकट्या नीट बसत नाहीत आणि आलेख खराब येतो, म्हणून. मग दहा चिकट्या, दहा वायरी आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा.

"झोपून काढलेला ईसीजी चांगला आलाय की माझा, मग हे कशाला?" मी विचारलं. हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो आणि त्याचं उत्तर बेळगावच्या गणपत गल्लीत आहे. एरवी दुपारी तिथून आरामात जाता येतं. रस्ता किती अरुंद आहे ते गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी कळतं. हृदयाच्या रक्तवाहिनीचंही तसंच. स्वस्थ पडलेल्या माणसाला अरुंद झालेली वाहिनीही पुरते. चालायला लागला, हृदयाने जास्त रक्त मागितलं, की तुटवडा उघडा पडतो आणि आलेखाची रेघ खाली झुकते. 1924 साल बेळगावकराला पाठ असतं, कारण गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं एकमेव काँग्रेस अधिवेशन टिळकवाडीत भरलं. त्याच वर्षी हॉलंडच्या आइन्थोव्हेनला ईसीजीसाठी नोबेल मिळालं. पण आराम करणाऱ्या माणसाचं पितळ उघडं पाडायची सोय त्यात नव्हती. ती पुढे अमेरिकेत सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी नीट बसवली आणि 1963 पासून त्यांचीच पद्धत जगभर चालते. चालतं यंत्र मात्र त्याहून जुनं. 1818 च्या सुमारास इंग्लंडात क्युबिट नावाच्या इंजिनिअरने ते तुरुंगातल्या कैद्यांना राबवायला काढलं होतं. त्यांना फुकट होतं, आपण पावती फाडतो.

ब्रूससाहेबांचा हिशेब असा: दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवायचं. सुरुवात ताशी 2.7 किलोमीटरने, म्हणजे बाजारात भाजी बघत चालतो तशी, पण दहा टक्के चढावर. मग 4, मग 5.5. नऊ मिनिटांत अंतर होतं जेमतेम सहाशे मीटर, आणि माणूस कुठेच पोचत नाही. ठोके किती न्यायचे त्याचा ढोबळ आडाखा आहे: 220 मधून वय वजा करा आणि त्याचे 85 टक्के घ्या. साठीच्या माणसाला 136.

आमची माणसं खरी चुकतात ती इथे. टेस्ट म्हटलं की त्यांना परीक्षा वाटते, आणि परीक्षेत पास व्हायचं असतं. सिटी बसमध्ये उभं राहून जन्म गेल्यामुळे पुढचा दांडा घट्ट आवळतात. त्याने अंगाचा भार हातांवर जातो आणि आकडे फुकटचे चांगले दिसतात. दांड्याला बोटं टेकवावीत, लोंबकळू नये. त्याहून वाईट म्हणजे दुखणं लपवतात. आमचे एक शेजारी दर 1 नोव्हेंबरला सीमाप्रश्नावरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत असतात. कन्नड येत असूनही बोलत नाहीत. तिसऱ्या टप्प्यावर तिथल्या मुलीने विचारलं, "एदी नोव ऐतेन्री?" छातीत दुखतंय का? ते ताठ मानेने "नाही" म्हणाले. अर्ध्या मिनिटात त्यांच्याच तोंडून निघालं, "साक री, साक!" पुरे हो, पुरे! मुलीने यंत्र थांबवलं. त्यांच्या वाहिनीत अडथळा निघाला आणि वेळेवर उपचार झाले. ते 'नाही' आणखी दोन मिनिटं टिकलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनाच विचारा. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दाबलं, चक्कर आली, दम कोंडला, तर सांगावं, आणि जी भाषा आधी तोंडात येईल त्या भाषेत. डॉक्टर शेजारी असतात ते त्यासाठीच. दहा हजार टेस्टमागे जीवघेणं संकट एखादंच, पण तेवढ्यासाठी ते उभे असतात.

पट्टा थांबला की सुटलो म्हणून वायरी ओढू नयेत. काही गडबडी विश्रांतीच्या मिनिटांत दिसतात.

आमच्या आत्तीचे गुडघे गेलेत. तिच्यासाठी पट्ट्याऐवजी औषधाने हृदयाची गती वाढवून सोनोग्राफी करायचं ठरलं. "ताण द्यायला औषध कशाला? घरात कमी हाय व्हय?" तिचं म्हणणं. बायकांच्या बाबतीत पट्ट्यावरची रेघ कधीकधी अडथळा नसतानाही झुकते, म्हणून रिपोर्ट वाईट आला की लगेच मृत्युपत्र करायला बसू नये. पुढची तपासणी असते. उलट बाजूनेही तेच. माझा रिपोर्ट चांगला आला (कट्टा जरा निराश झाला) तेव्हा दाजी म्हणाले, "मग आज मटण." चांगला रिपोर्ट म्हणजे आयुष्यभराचा परवाना नव्हे. लहान अडथळे या टेस्टमध्ये निसटू शकतात.

आणि ज्यांना काही त्रासच नाही, त्यांनी पॅकेजमध्ये स्वस्त पडतं म्हणून उगाच पट्ट्यावर चढू नये. धोका कमी असलेल्या धडधाकट माणसांनी अशी तपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाने 2018 मध्येच सांगून ठेवलंय. शेजाऱ्याने केली म्हणून आपणही करायची, ही काही मुंज नाही.

याउलट, बसल्या जागी छातीत दाबून येत असेल आणि ते थांबत नसेल, तर टीएमटीची अपॉइंटमेंट घ्यायची नाही, कट्ट्यावरही विचारायचं नाही. 108 ला फोन करायचा. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे तो नंबर एकच आहे.