उजव्या कोपऱ्यातली पाटी

दिवाळीला पुण्याहून भाचा आला की झाशीतल्या मराठी घरात दोन गोष्टी ठरलेल्या. मामी करंज्या तळते आणि भाचा मामांच्या संगणकात लिनक्स टाकतो. करंज्या पचतात.

यंदा भाचेरावांना निमित्तही भक्कम मिळालं. विंडोज दहाचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले, आणि विंडोज अकरासाठी जी सुरक्षेची चिप लागते ती मामांच्या डब्यात नाही. मग निवड सुरू झाली. मुलगी पाहायला गेलेलं खानदानसुद्धा इतकं पाहत नाही. उबंटू की डेबियन, फेडोरा की मिंट? बरं, मिंट, पण सिनॅमन, माते की एक्सएफसीई? एकेकाला पेन ड्राइव्हवरून बोलावून दाखवून घेतलं. भाऊबीजेला बहीण निरांजन घेऊन उभी, आणि हे पाटावरून ओरडतायत, ‘थांब गं, पार्टिशन होतंय!’ हा शब्द ऐकून दोन काका धावत आले. वाड्याच्या वाटणीचा दावा अजून कोर्टात आहे.

शेवटी मिंट बसलं आणि चाललंही. चहा उकळेपर्यंत जागा न होणारा डबा झटक्यात उठला, प्रिंटरने कुरकुर केली नाही, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य पहिल्या फटक्यात उमटला. मामा मात्र स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत बसले. म्हणाले, ‘अरे, इथलं ते कुठे गेलं?’

ते म्हणजे ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही करड्या अक्षरांतली पाटी. पैसे न भरता विंडोज वापरणाऱ्याला ती दिसते, म्हणजे आमच्या गावात सगळ्यांना दिसते. सिपरी बाजारातल्या कोचिंग क्लासात गणिताचं उत्तर तिच्या अलीकडे संपवतात. लग्नात मोठ्या एलईडी पडद्यावर नवरानवरीचा फोटो झळकतो तेव्हा ती नेमकी नवऱ्याच्या खिशावर येते, आणि अक्षता तिच्यावरही पडतात. एका प्रवचनात बुवा आत्मा अविनाशी असल्याचं पडद्यावर दाखवत होते. स्लाइडमागून स्लाइड बदलली, देह गेले, जन्म गेले, पाटी तिथेच. श्रोत्यांना पटलं. दुकानदार दोन-तीनशे रुपयांत ‘विंडोज डाल देता है’, पाटी जाते, आणि काही महिन्यांनी माहेरपणाला परत येते. तेव्हा घरात कुणाला वाईट वाटत नाही. उलट मशीन ठीक चाललंय अशी खात्री पटते.

‘मामा, हे सगळं फुकट आहे,’ भाचेरावांनी छाती फुगवून सांगितलं.

‘मग ते काय विकत होतं?’ मामांनी विचारलं.

इथे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ गारद होते. १९९१पासून जगभरच्या हजारो माणसांनी रात्री जागून लिनक्स उभं केलं, कोड उघडा ठेवला, वापरा, बदला, वाटा म्हणून परवाना लिहून दिला. चोरीच्या मालाशी टक्कर द्यावी लागेल हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. त्यातही चोरीला दोन-तीनशे रुपये मोजावे लागतात, म्हणून तिला बाजारात किंमत आहे. जे खरोखरच फुकट, त्याकडे शेजारीही संशयाने पाहतात, ‘भइया, ये ओरिजिनल नहीं लग रहा.’

भाचेराव हुशार. लिनक्सवर अगदी तशीच पाटी दाखवणारा एक प्रोग्रॅम कुणीतरी गमतीने लिहून ठेवलाय, तोही मुक्त आणि फुकट. तो टाकल्याबरोबर उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट लिनक्स’ उमटलं. मामा निवांत झाले. शेजारी म्हणाले, ‘हां, अब ठीक है.’

इथवर हसून घेतलं. पण परवा एका कचेरीत दाखल्यासाठी गेलो, तर खिडकीमागच्या साहेबांनी झेरॉक्स भिरकावून दिली. ओरिजिनल आणा. आणलं. त्यावर शिक्का पुसट आहे, दुसरं आणा. आणि हे ज्या स्क्रीनकडे बघून सांगत होते तिच्या कोपऱ्यात तीच पाटी! कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यात कलम ६३-ब आहे: सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, वर किमान पन्नास हजार दंड. पाटी रोज डोळ्यांसमोर असल्यावर ‘जाणूनबुजून’ सिद्ध करायला साक्षीदार तरी कशाला? सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं हे धोरण २०१५ सालीच ठरलंय. तरी अर्ज कृतीदेव फॉन्टमध्येच टाइप करून आणायचा, कारण टायपिंगच्या क्लासात तेच शिकवतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली तर अर्जदाराच्या नावागावाची इंग्रजी अक्षरांत राख झालेली दिसते. ही अडचण मिटवणारं युनिकोड येऊन तीस वर्षं उलटली. पण नाही! खरेपणाचा पुरावा नागरिकाने द्यायचा, तोही दोन प्रतींत, स्वसाक्षांकित करून.

तेव्हा वाचकहो, यापुढे कुठल्याही खिडकीवर ‘ओरिजिनल दाखवा’ असं ऐकलंत, तर कागद पिशवीतून काढण्याआधी साहेबांना नम्रपणे सांगा: स्क्रीन जरा इकडे वळवा.