वरच्या मजल्यावरील वर्क फ्रॉम होम साहेबांस

प्रति,
तिसऱ्या मजल्याचे नवे मालक,
शिवाजी पार्क, दादर.

विषय : घराच्या आधुनिकीकरणाबद्दल अभिनंदन.
संदर्भ : आमच्या चहाच्या कपात पडलेला गिलाव्याचा पोपडा.

महोदय,

घर विकत घेताच ते जुनाट आहे हे आपण ओळखलेत, याचे कौतुक वाटते. १९३०-४०च्या सुमारास ही आर्ट डेको घरे बांधणाऱ्यांना बिचाऱ्यांना एसी परवडत नव्हता. म्हणून त्यांनी छत उंच ठेवले, वाऱ्यासाठी खिडक्या समोरासमोर काढल्या आणि ऊन-पाऊस अडवायला खिडक्यांवर भिवयांसारखे छज्जे दिले. आपण पीओपीचे छत खाली आणून वर उंदरांची सोय केलीत. सागवानी दार भंगारात दिलेत आणि मोझाइकवर लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स बसवल्यात. लाकडाची हौस असावी ती अशी!

गोल गॅलरी काचेने बंद करून तिथे ऑफिस थाटलेत, तेही पश्चिमेला. दुपारी तीननंतर पडदे ओढून, दिवे लावून बसता. मीटिंगमध्ये आपल्या पाठीमागे म्हणे कॉम्प्युटरने काढलेली हिरवी झाडी दिसते. मैदानाकडचे खरे पर्जन्यवृक्ष पडद्यापलीकडेच उभे असतात.

युनेस्कोने २०१८ साली ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. आपल्या सुदैवाने ती यादी दादरपर्यंत पोचली नाही.

इथवर सगळे आपले घर, आपली आवड. परंतु इंटरनेटची वायर दिसू नये म्हणून आपण काल बीममध्ये झिरी मारायला लावलीत. मुकादम म्हणाला, ‘साहेब, सळी दिसतेय.’ आपण म्हणालात, ‘पुट्टी भर.’ समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. खारी हवा लागली की सळी गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीट सोडते. सुटलेले काँक्रीट खाली येते. खाली आम्ही राहतो.

आमची सूनही घरूनच ऑफिस करते. आपल्या फोडकामाचा ब्रेकर ऐकून तिच्या साहेबांनी विचारले, ‘सध्या खाणीत बदली झाली का?’ तेव्हा सकाळी अकरा ते एक ब्रेकर बंद असावा. उद्या सोसायटीचे स्ट्रक्चरल इंजिनिअर येतील. पुट्टी खरवडून त्यांना सळी दाखवावी. आपण त्या वेळी म्यूटवर राहिलात तरी हरकत नाही.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा (तूर्तास) रहिवासी