पहाटेचं कनेक्शन

पूर्णा जंक्शनवर हयात गेलेल्या माणसाला ‘कनेक्शन’ समजावून सांगावं लागत नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्ग ब्रॉडगेज झाला आणि अकोला-खंडव्याकडचा फाटा मीटरगेजच राहिला, त्या मधल्या वर्षांत इथं निम्मं गाव कुणाची तरी वळकटी, पोर नाहीतर म्हातारी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवण्यात गुंतलेलं असायचं. 2008 च्या सुमारास अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज झालं आणि ती धावपळ थांबली. गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर ती माझ्याच वाट्याला पुन्हा यावी, तीही परसातल्या भोपळ्याच्या वेलावर, हे माझ्या पत्रिकेत कुणी वाचलं नव्हतं.

वेल मृगात लावलेला. हेतू धार्मिक होता. पितृपंधरवड्यात पानावर लाल भोपळ्याची भाजी लागते आणि यंदा पितरांना घरचं काशीफळ खाऊ घालायचं, असं आमच्या सौभाग्यवतींनी ठरवलं होतं. हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं, समुद्र ओलांडून आलेलं. त्यामुळे पाचशे वर्षांपूर्वीच्या आमच्या पूर्वजांनी ते पानात पाहिलं तर ‘हे काय वाढलंय?’ म्हणून विचारतील, असं मी सुचवून पाहिलं. “तुमच्याकडचे आहेत, विचारतीलच,” एवढंच उत्तर आलं.

वेल मात्र जोमात. आधी पत्र्यावर, मग शेजारच्या मौशींच्या भिंतीवर, मग केबलच्या तारेवर. रोज पहाटे तळहाताएवढी पिवळी फुलं. फळ एक नाही.

गल्लीत ज्याला त्याला कारण माहीत होतं. एकानं दृष्ट लागली म्हणून जुनी चप्पल टांगायला सांगितली. दुसऱ्यानं मोबाईलच्या टॉवरकडं बोट दाखवलं. तिसऱ्यानं मूठभर युरिया सुचवला. आमच्या भागात कुठल्याही झाडाला काहीही झालं की युरिया सुचतो. माणसं वाचलीत ती तो मिठासारखा पानात वाढता येत नाही म्हणून. खरं तर नत्र जास्त झालं की वेल पानांवर पानं काढतो आणि फळाचा विषयच टाळतो. कृषी विद्यापीठ परभणीत, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तिथल्या ‘परभणी क्रांती’ भेंडीनं केवडा रोगाला तोंड देऊन नाव काढलं. पण आमच्या गल्लीचं विद्यापीठ चहाच्या टपरीवर भरतं आणि तिथं सगळेच कुलगुरू.

खरं निदान मौशींनी केलं. भिंतीवरून वाकून त्या म्हणाल्या, “भाऊ, कामून घाबरायलात? आधी फोल फुलंच येतात. फळाचं फूल मागून येतं.”

अगदी तसंच असतं. एकाच वेलावर नर फुलं वेगळी, मादी वेगळी. नर आधी येतात आणि ढिगानं येतात. एका मादी फुलामागे दहा, पंधरा, कधी त्याहूनही जास्त. लांब बारीक देठावर ते नुसतेच रुबाबात उभे असतात. मादी फुलाचा देठ आखूड आणि फुलाच्या बुडाशी गोटीएवढं भोपळ्याचं पिल्लू आधीच बसलेलं. ते पाहून लोक ‘लागलं हो फळ’ म्हणून मोकळे होतात. पण ते वेटिंग लिस्टचं तिकीट असतं. कन्फर्म व्हायला नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत पोचावे लागतात. नाही पोचले तर चार दिवसांत पिल्लू पिवळं पडतं, टोकाकडून सडतं आणि टपकन गळतं.

वेळापत्रकही कडक. फूल उजाडता उजाडता उघडतं आणि दहा-अकराच्या आत मिटतं. मादी फूल एकदा मिटलं की मिटलं. दुसऱ्या दिवशी जादा गाडी सोडत नाहीत. मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात, भोपळ्याचे जड आणि चिकट, जागचे हलत नाहीत. सगळा भरवसा माश्यांवर. तिकडं अमेरिकेत भोपळ्याच्याच फुलांवर जगणाऱ्या खास माश्या आहेत. त्यांतले नर दिवस चढला की मिटलेल्या फुलातच झोपून जातात. अशी निष्ठा आमच्या ड्युटीरूममध्येही मी पाहिलेली आहे. आपल्याकडं हे काम सातेरी, फुलोरी, आग्या आणि काळे भुंगे यांच्याकडं. पण भोवतालच्या कापसावर, सोयाबीनवर फवारणी सुरू झाली, त्यातही लोक ऐन सकाळी पंप पाठीला लावून निघाले, की या कर्मचाऱ्यांची हजेरी घटते.

म्हणून पहिलं मादी फूल उमलायच्या दिवशी मी स्वतः उजाडायच्या आत परसात हजर झालो. मादी फूल वेळेवर. नर फूल एकही नाही. सगळा वेल धुंडाळला. मग स्वयंपाकघरात गेलो.

“अहो, काल भजी केली नव्हती का?” सौभाग्यवती म्हणाल्या. “फोल फुलं तोडलेलीच बरी, मौशींनीच सांगितलं.”

भोपळ्याच्या फुलांची भजी उत्तम होतात, याबद्दल वाद नाही. मी नऊ खाल्ली होती. पण संध्याकाळी तोडलेली कळी म्हणजे दुसऱ्या दिवशी उमलणारा नर. गाडी फलाटाला लागली, तेव्हा कनेक्शन बेसनात तळून निघालं होतं. त्या पिल्लानं चार दिवस वाट पाहिली आणि राजीनामा दिला.

त्यानंतर घरात तह झाला: दोन-तीन कळ्या नेहमी राखीव. पुढचं काम सोपं, फक्त ते कुणी पाहू नये. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलातल्या तीन फाकांच्या गड्ड्यावर हलक्या हातानं फिरवायचा. तिन्ही फाकांवर नीट, कारण फळातल्या प्रत्येक बीला आपापला परागकण लागतो. एकीकडंच लागला तर भोपळा एका गालानं सुजल्यासारखा वाढतो. एक नर दोन-तीन फुलांना पुरतो.

पाहू नये, पण पूर्णेत पहाटे फिरायला जाणारे थांबतातच.

“गार्डसाहेब, काय करायलात?”

आता काय सांगायचं? “परागीभवन” म्हणालो.

“हौ का,” म्हणाले आणि चालता चालता दोनदा मागं वळून पाहिलं. त्यात श्रावणाची झड लागली. पावसाचं पाणी फुलात शिरलं की परागांचा खेळ संपतो, म्हणून मी आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधायला लागलो आणि पहाटे छत्री धरून सोडायला. साठी उलटलेला माणूस भर पावसात स्वतः भिजत फुलावर छत्री धरून उभा, हे दृश्य गावात स्टेशनच्या घोषणेपेक्षा लवकर पसरलं. बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावात अशाच नादाचे श्प्रेंगेल नावाचे एक मुख्याध्यापक होते. फुलं आणि किडे यांचं साटंलोटं त्यांनी तासन् तास बसून पाहिलं, 1793 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला आणि पुढच्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. माझी पेन्शन सुरू असल्यानं तो धोका नव्हता. धोका दोडक्याचा होता. दोडका उमलतो संध्याकाळी, दुधीची पांढरी फुलंही तिन्हीसांजेला. भोपळ्याची कीर्ती ऐकून मौशींनी आपला दोडका माझ्याकडं सोपवला आणि नोकरीत कधी केली नाही अशी दोन पाळ्यांची ड्युटी लागली. ओव्हरटाइम नाही.

फळं धरली. गोटीचं लिंबू झालं, लिंबाचा नारळ, आणि पंधरवडा लागायच्या सुमारास एक भोपळा उतरवण्याजोगा झाला. तो पाटावर ठेवला. आणि मग पेच पडला.

आमच्याकडं बाईनं अखंड भोपळा चिरायचा नाही; तो पोटच्या लेकरासारखा मानतात. आधी पुरुषानं वार करायचा, मग बायकांनी फोडी करायच्या. सौभाग्यवतींनी सुरी माझ्यापुढं सरकवली.

“नियम आईला आहे ना?” मी विचारलं. “मग तो आधी मलाच लागतो.”

सौभाग्यवतींनी मौशींकडं पाहिलं. मौशींनी क्षणभर विचार केला. “बरोबर बोलायलेत भाऊ. छत्री धरून त्यांनीच वाढवलंय.”

शेवटी मौशींचा आठवीतला नातू बोलावला. त्यानं दोन्ही हातांनी सुरी धरून असा वार केला की पाटालाही खाच पडली. मग मौशींनी निकाल दिला: ज्यानं कापलं त्याचा अर्धा, शिवाय वेल त्यांच्या भिंतीवर होता. अर्धा भोपळा भिंतीवरून गेला. पत्र्यावर अजून दोन आहेत, आणि गल्लीतली पोरं आत्तापासूनच येता-जाता सौभाग्यवतींना वाकून नमस्कार करायलीत.