एक निकाल वाचायचा राहिला

चाळीत उमेदवार येतो तेव्हा त्याच्या आधी त्याची धाप येते. तीन मजले, जोडलेले हात, मागे पोरांचं लटांबर, दारात चपलांचा ढीग. तेही पाच वर्षांतून एकदा. टीव्हीवर बातम्या सांगणारं माणूस मात्र रोज येतं, जिना न चढता येतं आणि थेट आपल्या ताटासमोर बसतं. असं कुणी वीस-बावीस वर्षं रोज संध्याकाळी घरात येऊन बसलं, तर त्याला पत्रकं छापायची गरजच काय?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात कॅरी लेक बाई अशाच बसल्या होत्या. फिनिक्सच्या ‘फॉक्स १०’ वाहिनीवर बावीस वर्षं. ओबामांची मुलाखत घेतली, ट्रम्प यांचीही घेतली. मार्च २०२१मध्ये बाईंनी नोकरी सोडली. का, तर पत्रकारितेची दिशा पसंत नाही. तीन महिन्यांत स्वतःची दिशा सापडली: गव्हर्नरपद.

हे आपल्या राजभवनातलं, शपथ देऊन चहापान करायचं पद नव्हे. तिकडचा गव्हर्नर म्हणजे राज्याचा कारभारी, आणि तो राज्यभरातले मतदार थेट निवडतात. आमदार फोडून तिथे जाता येत नाही. अ‍ॅरिझोनात तर साधा खाण निरीक्षक व्हायचं असलं तरी सगळ्या राज्यापुढे मतांसाठी पदर पसरावा लागतो. आपल्याकडे ही सोय केली तर एकेका खाणीसाठी किती बंडखोर उभे राहतील, हा हिशेब वाचकांनी फावल्या वेळात करावा.

तर प्रचार. एका जाहिरातीत बाईंनी घण उचलला आणि बातम्या चाललेले टीव्ही फोडले. ज्या खोक्याने चेहरा घराघरात पोचवला, त्याच खोक्यावर घण. ‘ज्या ताटात खाल्लं’ ही म्हण मी इथे वापरणार नव्हतो, पण वापरली.

खरी गंमत मुलाखतींची. पत्रकार आपला माईक घेऊन यायचा, तर बाईंच्या कोटाला त्यांचा स्वतःचा माईक आधीच टाचलेला. नवरा व्हिडिओग्राफर, तो कॅमेरा लावून तयार. पत्रकार बाईंना टिपतोय आणि यजमान पत्रकाराला. अडचणीचा प्रश्न आला की उत्तराऐवजी पत्रकाराचीच हजेरी घ्यायची, मग ती चित्रफीत समाजमाध्यमांवर सोडायची. दोन दशकं प्रश्न विचारून बाई एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या. प्रश्न कुणीही विचारो, संकलनाची कात्री आपल्या हातात हवी.

समोर होत्या केटी हॉब्स. त्यांनी वादचर्चेला यायलाच नकार दिला आणि भित्र्या म्हणून त्यांची यथेच्छ टर उडाली. मला मात्र त्या निवडणुकीतला तो सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. माशाशी पोहायची पैज कशाला लावायची? अर्थात हॉब्सबाईही काही तुळशीवृंदावनातल्या नव्हेत. तेव्हा त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकीवर देखरेख करणाऱ्या. नवरी तीच, भटजीही तीच. मुहूर्तावर कुणी ना कुणी बोट ठेवणारच होतं.

मतदानाआधी एका मुलाखतीत लेकबाईंना विचारलं गेलं, निकाल मान्य कराल का? त्या म्हणाल्या, मी जिंकणार आहे आणि तो निकाल मला मान्य असेल. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तेवढ्यात प्रचाराच्या सभेत त्यांनी मॅकेनवाले कुणी आले असतील तर चालते व्हा, असंही सांगून टाकलं. जॉन मॅकेन हे त्याच राज्याचे, त्यांच्याच पक्षाचे, तीन दशकं सिनेटर राहिलेले गृहस्थ. आपल्याच मांडवातून आपलेच वऱ्हाडी हाकलायचे आणि मग पंगतीत पानं का रिकामी, म्हणून आचाऱ्याला धरायचं.

पानं रिकामी राहिली १७,११७. पंचवीस लाखांहून अधिक मतांमध्ये एवढ्याच फरकाने बाई हरल्या. मतदानाच्या दिवशी मॅरिकोपा काउंटीत मतपत्रिका छापणारे प्रिंटर रुसले होते, हे खरं. बाई कोर्टात गेल्या, पण त्यामुळे निकाल फिरला, हे तिथे सिद्ध झालं नाही. वरच्या कोर्टाने चुकीची विधानं केल्याबद्दल त्यांच्या वकिलांना दोन हजार डॉलरचा दंड ठोठावला. लोकांचे निकाल वाचण्यात जिची उमर गेली, तिच्याकडून नेमका हा एक निकाल वाचून होईना.

आपल्या शेजारच्या गुजरातेतही त्याच वर्षी, २०२२मध्ये, इसुदान गढवी उभे होते. तेही टीव्हीवरचे, रात्री ‘महामंथन’ नावाच्या कार्यक्रमात चर्चा घालणारे. ‘आप’ने फोनवरून कौल घेतला, त्यात गढवींना ७३ टक्के पसंती, म्हणून ते मुख्यमंत्रिपदाचा चेहरा. खंभाळियाच्या मतदारांनी त्यांना अठरा हजारांवर मतांनी घरी बसवलं. टीव्ही बघायला बोट लागत नाही, मत द्यायला शाई लावून घ्यावी लागते. गढवी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि कामाला लागले. त्यात बातमी काहीच नाही, म्हणून ती कुणी दाखवली नाही. आपल्या इम्तियाज जलील यांनी टीव्हीची पत्रकारिता सोडली आणि २०१९मध्ये औरंगाबादेतून ४,४९२ मतांनी खासदारकी काढली. म्हणजे पाणी प्रत्येकाला बुडवतंच असं नाही.

लेकबाई २०२४मध्ये सिनेटला उभ्या राहिल्या आणि रुबेन गॅलेगो यांच्याकडून हरल्या. या वेळी पंचाईत अशी की त्याच मतपत्रिकेवर त्यांच्याच पक्षाचे ट्रम्प अ‍ॅरिझोना जिंकले होते. खोट काढावी तरी कुठल्या रकान्यात?

पण गुणी माणूस बेकार राहत नाही. २०२५मध्ये वॉशिंग्टनने त्यांना सरकारी प्रसारण संस्थेत सल्लागार नेमलं. १९४२पासून जगाला बातम्या ऐकवणारी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ तिच्याच पंखाखाली. मार्चमध्ये तिथल्या तेराशेहून अधिक लोकांना सक्तीच्या रजेवर धाडलं गेलं आणि बाई त्या निर्णयाच्या समर्थनार्थ कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, अजिबात न अडखळता.

जाहिरातीतला घण त्यांनी टाकून दिला नव्हता तर.