जुडी केवढ्याला?

आमच्या मार्केट यार्डात सकाळी सहाला कुणी 'फुलं बघायला चाललोय' म्हणालं, की समोरचा विचारतो, "किती किलो?" अशा वस्तीत रानफुलांच्या सहलीचं ठरलं आणि पहिलं नाव अण्णांनी नोंदवलं. त्यांना वाटलं, खरेदीला जायचंय.

अण्णांनी फूलबाजारात चाळीस वर्षं गाळा चालवला. आता तिथे मुलगा बसतो. अण्णा पहाटे नुसते आवक बघून येतात, म्हणजे मुलाचा रक्तदाब वाढवून येतात. समोर काहीही आलं तरी त्यांचे प्रश्न तीनच: आवक किती, उठाव आहे का, भाव काय निघाला. नातीच्या लग्नात मंगलाष्टकं संपत आली, सगळे अक्षता घेऊन सरसावले, तेव्हा अण्णांनी वरमालेतली एक पाकळी चिमटीत धरली, चोळली आणि 'सावधान'च्या आधीच जाहीर केलं, "कालचा माल आहे."

भाद्रपद संपत आला होता. हडपसर मागे टाकून आमचा टेम्पो सोलापूर रस्त्याने कवडीपाटला पोचला. मुळा-मुठा इथे बांधावरून खाली उतरते. पक्षी बघायला लोक येतात, आणि पुण्याने नदीत सोडलेला फेस व प्लास्टिकही त्यांच्या आधी येऊन थांबलेलं असतं. वाट दाखवायला वनस्पतीशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांनी उतरताच बजावलं, "कुणीही काहीही तोडायचं नाही." अण्णांनी खिशातली पिशवी गुपचूप आत सारली.

काठावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे होते आणि त्यांवर दव होतं. चार जण कॅमेरे घेऊन गुडघ्यांवर बसले. अण्णांनी मान हलवली, "ओला माल. निम्मा भाव."

ताई लॅटिन नावं सांगत होत्या, पोरं मोबाइलमध्ये टिपत होती. बहुतेक सगळे इंजिनिअर. ताई म्हणाल्या, "पुण्याची परंपराच आहे ती. इथल्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात निघाला तो."

"भाव दिलेत का त्यात?" अण्णांनी विचारलं.

पुढे नदीचं पात्रच जांभळं झालं होतं. अण्णांचे डोळे चमकले. "आवक जोरदार! काय म्हणायचं याला?"

"जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली. ही काठावरची बेशरम, ती घाणेरी, तो पिवळा कॉसमॉस आणि हे गाजरगवत, सगळी अमेरिका खंडातून आलेली. आपल्या झाडांची जागा खातात."

अण्णांना एकदम स्वदेशीचा झटका आला. "आमच्या बाजारात असलं खपवून घेत नाही आम्ही. झेंडू, गुलछडी, शेवंती. सगळा आपला माल!"

ताई क्षणभर थांबल्या. वाईट बातमी सांगताना डॉक्टर थांबतात तशा. "अण्णा, झेंडू मूळचा मेक्सिकोचा."

"...आणि गुलछडी?"

"तीही तिथलीच."

"शेवंती?"

"चीनकडची. तुमचा ॲस्टरही."

अण्णा जवळच्या दगडावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस दसरे मी मेक्सिकोच्या मालावर आडत खाल्ली, आणि घरी तोरणही त्याचंच लावलं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग आपलं असं आहे तरी काय?"

ताईंनी पायाशीच बोट दाखवलं. केन्याचं नखाएवढं निळं फूल, आघाड्याची काटेरी काडी, आणि बांधाच्या सावलीत ओलीला धरून उभा तेरडा.

अण्णा बघतच राहिले. हा माल त्यांच्या ओळखीचा होता, पण गाळ्यावर कधी आला नव्हता. तो यायचा बायांच्या डोक्यावरून आणि बसायचा गेटाबाहेर फुटपाथवर. हरतालिकेला पत्री, गौरीला तेरडा. ना तोलाई, ना हमाली, ना पट्टी. "तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात," अण्णा पुटपुटले, "त्या बायांचा धंदा तीन तास. अन् मी गाळ्यावरून एवढंच ओरडायचो, गाडी लागायचीय, बाजूला बसा."

पण माणूस जातिवंत आडत्या. हळवेपणा फार वेळ धरला तर माल कोमेजतो, हे त्याला कळतं. ते उठले आणि हिशेबाला लागले. "आडत पूर्वी शेतकऱ्याकडून कापायचे, २०१६ पासून खरेदीदाराकडून घेतात. इथे दोघंही नाहीत. घ्यायची कुणाकडून?"

"नदीकडून," एक इंजिनिअर म्हणाला.

"तिचंच देणं थकलंय आपल्याकडे," अण्णा म्हणाले.

परत निघताना ताईंनी प्रत्येकाला विचारलं, काय आवडलं? कुणी कुर्डू म्हणालं, कुणी केना. अण्णा काहीच बोलले नाहीत. टेम्पोत ते माझ्या शेजारी बसले, खिशातून रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. दोन दाबली, सोडली, मग अख्खा पंजा दाबला.

"हे काय अण्णा?"

"हत्ता. आमच्या वडिलांच्या वेळची पद्धत. रुमालाखाली भाव ठरायचा, तिसऱ्याला पत्ता नाही. पुढं उघड लिलाव आला." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तेरड्याला भाव लावलाय मी."

"मग मोठ्यानं सांगा की!"

"वेडा आहेस?" अण्णा रुमालाची घडी घालत म्हणाले. "उघड बोललो, तर उद्या पहाटे चारला इथं टेम्पो लागतील."